मागची कड

"तिसऱ्या डावाला पास टाकायची अवदसा कुणाला आठवली, मला एवढंच सांगा," एल्डन कुचेरा म्हणाला आणि त्यानं कॉफीचा मग टेबलावर असा आपटला, की काउंटरमागच्या डेलोरिसनं मान वर करून पाहिलं. "दोनच यार्ड जायचंय. समोरची पोरं धापा टाकतायत. सरळ मुसंडी मारायची सोडून यांना आभाळात चेंडू उडवायचाय."

सोमवारची सकाळ होती. शनिवारची मॅच मिलबर्न कॉलेजनं जिंकली होती, पण हरली असती तरी एल्डन एवढाच तापला असता. डेलोरिसच्या हॉटेलातलं खिडकीजवळचं गोल टेबल सोमवारी याच कामाला असे. शनिवारी झालेल्या मॅचची चिरफाड करायची, पुढच्या शनिवारच्या मॅचची काळजी वाहायची, आणि मधल्या वेळात बायकोनं काय आणायला सांगितलं होतं ते विसरायचं. जनावरांचे डॉक्टर म्हणून निवृत्त झालेले हाल्व्हर्सन, बियाण्यांचा व्यापारी वर्लिन श्टुर, नॉर्बर्ट पेशेक आणि एल्डन. सगळे सत्तरीच्या अल्याडपल्याडचे. सगळ्यांचं मिलबर्नच्या टीमवर असं प्रेम, की तिला शिव्या घालायचा हक्क त्यांनी बाहेरच्या कुणाला कधी दिला नाही.

त्यांच्यातला वर्लिन हा स्वतः खेळलेला. मिलबर्ननं लीगचा चषक एकदाच जिंकला, आणि त्या टीममध्ये तो होता. त्यानंतर कॉलेजच्या कपाटात दुसरा चषक आला नाही, आणि वर्लिननंही दुसरा विषय काढला नाही. आता त्याचा नातू ब्रॉडी टीममध्ये होता. चेंडू काखोटीला मारून समोरच्यांच्या भिंतीत घुसायचं हे त्याचं काम. त्यामुळे या वर्षी वर्लिन दोन पिढ्यांचं बोलायचा.

"ओरड बाबा, ओरडून घे," वर्लिन म्हणाला. "शनिवारी तोंडाला कुलूप असतं, त्याची सगळी वाफ आमच्या कॉफीवर."

सगळे हसले, एल्डनही हसला. कारण ते खरं होतं. अख्ख्या गावात शनिवारी मॅच सगळ्यात जवळून बघणारा माणूस एल्डन, आणि एक शब्द न काढणाराही तोच.

आमच्या या अमेरिकन फुटबॉलमध्ये चार डावांत चेंडू दहा यार्ड पुढे न्यायचा असतो. नेला तर आणखी चार डाव मिळतात, नाही तर चेंडू समोरच्यांच्या हाती जातो. हे दहा यार्ड मोजायला दोन काठ्यांमध्ये बांधलेली साखळी असते, आणि ती घेऊन गावातलीच काही माणसं सीमारेषेवर उभी असतात. मागची काठी नॉर्बर्टच्या हातात. एल्डनचं काम चिमट्याचं. मैदानावर दर पाच यार्डांवर चुन्याचा पांढरा पट्टा असतो, चार बोटं रुंदीचा. साखळी जिथे त्या पट्ट्यावरून जाते तिथे, पट्ट्याच्या मागच्या कडेच्या बरोबर वर, साखळीला चिमटा लावायचा. चेंडू पोचला की नाही असा वाद आला, की पंच तो चिमटा धरून साखळी मैदानात नेतो, चिमटा त्याच पट्ट्याच्या मागच्या कडेवर टेकवतो, साखळी ताणतात, आणि पुढची काठी सांगेल ते खरं. चिमटा चुकला तर सगळंच चुकतं, आणि ते कुणाच्या बापालाही कळत नाही.

म्हणून एल्डननं स्वतःची एक सवय लावून घेतली होती. गोल्फच्या लाकडी खुंट्या, जन्मात गोल्फ न खेळता, त्याच्या खिशात असत. चिमटा लावला की त्याच्या बरोबर खाली एक खुंटी जमिनीत दाबायची. चिमटा सरकला, साखळीला कुणाचा पाय लागला, तरी खुंटी जागा सोडत नाही.

आणि दुसरा नियम त्याहून कडक. साखळीवाल्यांचं नारिंगी जाकीट अंगात आहे तोवर तुम्हाला टीम नाही. टाळी नाही, शिवी नाही, चेहऱ्यावर हसूसुद्धा नाही. साखळीवाल्यांना उभं राहायचं पाहुण्यांच्या बाजूला, त्यांच्याच बाकांसमोर. पाठीमागून परगावचे कोच याला लाखोली वाहणार, समोरच्या स्टँडमधून आपलं गाव बोंबलणार, आणि हा मधे खांबासारखा उभा. हयातभर काउंटीच्या खडीच्या रस्त्यांवर ग्रेडर, म्हणजे रस्ता सपाट करायचं यंत्र, चालवलं त्यानं. एकट्यानं, तासन् तास, एका संथ चालीत. गप्प राहायची सवय तिथूनच लागली असावी, असं त्याची बायको लिबी म्हणायची. घरी मात्र ती सवय कधी दिसली नाही, हेही तीच सांगायची.

वसंतात एल्डनचा उजवा गुडघा बदलला. कॉलेजच्या क्रीडा विभागाची प्रमुख, मिस रँडल, भेटायला घरी आली, लिबीनं केलेली कोलाची, आलुबुखारा भरलेला गोड पाव, खाल्ली, आणि जाता जाता हळूच म्हणाली की पुढच्या वर्षापासून साखळीवर तरुण माणसं घ्यायचं ठरतंय. या वर्षाचंही, जमणार नसेल तर, तिनं पाहून घेतलं असतं.

"या वर्षी मी आहे," एल्डन म्हणाला. "शेवटची मॅच संपली की जाकीट तुमच्या हातात आणून देईन. तोवर नाही."

पोरगी भली होती. बरं म्हणाली.

त्या दिवसापासून त्यानं चंगच बांधला. तळघराचा जिना चढ-उतर, चढ-उतर. संध्याकाळी गावाबाहेरच्या रस्त्यावर काठी टेकत, मग काठी काखेत धरून, मग काठी घरीच ठेवून. लिबी दारातून बघायची. लग्नाच्या वाढदिवसाला नाचायला चल म्हटलं तर याचा गुडघा कुरकुरायचा, आणि आता बघा, असं ती शेजारणीला ऐकवायची. पण रात्री बर्फाची पिशवी तीच बांधून द्यायची. एल्डनला फार काही नको होतं. एवढी वर्षं केलेलं काम स्वतःच्या हातानं, उभ्या पायांवर संपवायचं होतं. कुणी बाजूला सारल्यामुळे नव्हे.

आणि सीझन असा लागला, की बोलायची सोय नाही. पहिली मॅच चिखलात जिंकली. दुसरी हरली, ती किक मारणाऱ्यानं समोरच्या खांबांऐवजी बँडवाल्यांकडे चेंडू मारला म्हणून. त्या सोमवारी गोल टेबलावर त्या पोराच्या सात पिढ्यांची आठवण निघाली. मग मात्र गाडी रुळावर आली. ब्रॉडी दर शनिवारी कुणाला ना कुणाला आडवा करत होता. मक्याची कापणी जोरात, तरी शेतकरी शनिवारी दुपारी यंत्रं उभी करून मैदानावर येत. ऑक्टोबर सरता सरता मिलबर्न आणि वेदरबी कॉलेज बरोबरीत आले, आणि शेवटची मॅच नेमकी त्यांच्यातच होती. घरच्या मैदानावर. जिंकेल त्याचा चषक.

आधीच्या सोमवारी वर्लिन फारसा बोलला नाही. उठताना एल्डनच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "मी मरायच्या आधी एकदा बघायचंय रे. एकदाच."

"मलाही," एल्डन म्हणाला.

शनिवारी उत्तरेचा बोचरा वारा होता. मैदानाबाहेरच्या पटांगणात सकाळपासून गाड्यांची मागची दारं उघडून पातेली चढली होती. लिबीनं खिमा-राजम्याची चिली आणि दालचिनीचे रोल आणले होते आणि ओळखीच्या-अनोळखीच्या सगळ्यांना वाढत होती. एल्डननं दोन घास खाल्ले, जाकीट चढवलं, खिशातल्या खुंट्या चाचपल्या आणि तो पलीकडच्या बाजूला गेला. समोर स्टँडमध्ये लिबीची लाल घोंगडी दिसली. तिच्या शेजारी वर्लिन उभा होता. तो मॅच संपेपर्यंत बसणार नव्हता, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

शेवटची दोन मिनिटं उरली तेव्हा मिलबर्न चार गुणांनी मागे होतं. नुसत्या किकच्या तीन गुणांवर भागणार नव्हतं, चेंडू पार शेवटच्या रेषेपलीकडे न्यायला हवा होता. आणि तेव्हा ती गोष्ट झाली. चेंडू फेकणाऱ्या पोरानं, क्वार्टरबॅकनं, लांबलचक पास टाकला. वाऱ्यानं चेंडू सीमारेषेकडे ढकलला, आणि ब्रॉडीनं एल्डनच्या अगदी पुढ्यात, हात लांबवला तर लागेल इतक्या जवळ, हवेत आडवं होऊन तो धरला. पाय आत, अंग आत, चेंडू छातीशी.

एल्डन ओरडला.

काय ओरडला ते त्यालाही सांगता आलं नसतं. शब्द नव्हताच तो. इतक्या वर्षांचं सगळं एकदम तोंडातून बाहेर पडलं, दोन्ही मुठी वर गेल्या, आणि नव्या गुडघ्यावर तो चक्क उडी मारून खाली आला. मागून वेदरबीच्या बाकांवरून कुणीतरी बोंब मारली, की हा कसला साखळीवाला. सीमारेषेवरचा पंच प्रुइट, दोन गावं सोडून पलीकडचा शाळामास्तर, याला कित्येक वर्षं ओळखत होता. तो जवळ आला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "मिस्टर कुचेरा, अंगात जाकीट आहे."

एल्डननं मुठी खाली घेतल्या. "चुकलो," म्हणाला. नॉर्बर्टनं मागची काठी रोवली, साखळी ताणली, पुढचा डाव सुरू व्हायची घाई. एल्डन खाली वाकला, चिमटा लावला, खुंटी दाबली आणि बाजूला झाला.  

पुढचे तीन डाव सगळ्या गावानं श्वास रोखून पाहिले. थोडं पुढे, थोडं पुढे, आणि एकदा जागच्या जागी. चौथ्या डावाला यार्डभर उरलं होतं. आता चेंडू ब्रॉडीकडेच जाणार हे मैदानावरच्या शेंबड्या पोरालाही कळत होतं. गेला. दोन्हीकडची पोरं एकमेकांवर कोसळली, ढीग झाला, आणि ढिगातून चेंडू निघाला तेव्हा तो पोचला की नाही हे कुणालाच सांगता येईना. मुख्य पंचानं मोजणीची खूण केली.

प्रुइटनं चिमटा धरला. काठ्या उचलून नॉर्बर्ट आणि दुसरा गडी त्याच्याबरोबर मैदानात धावले. एल्डन होता तिथेच थांबला, चिमटेवाल्याला आत काम नसतं. तिकडे चिमटा पट्ट्यावर टेकला, साखळी ताणली गेली. चेंडूचं नाक काठीच्या पुढे होतं. दोन बोटं.

समोरचा स्टँड फुटलाच. लाल घोंगडी हवेत गेली. वर्लिननं टोपी काढून खालच्या रांगेतल्या कुणाच्या तरी डोक्यावर आपटली. आणखी चार डाव, आणि शेवटची रेषा ढेंगभर अंतरावर. चषक आलाच होता म्हणा ना.

एल्डननं खाली पाहिलं, ते सवयीनं. मोजणी झाली की खुंटी काढून खिशात टाकायची. खुंटी पट्ट्याच्या पुढच्या कडेला होती.

तो तिच्याकडे बघत राहिला. मागची कड इकडे, खुंटी तिकडे. मधे पांढरी चार बोटं. घाईत, त्या ओरडण्याच्या भरात, त्यानं चिमटा पट्ट्याच्या भलत्याच कडेला लावला होता. तिकडे पंचानं तो रीतसर मागच्या कडेवर टेकवला, म्हणजे सबंध साखळी चार बोटं मागे बसली. चेंडू दोन बोटं पुढे नव्हता. दोन बोटं कमी होता.

नॉर्बर्ट पाठमोरा होता. प्रुइट पाठमोरा होता. वेदरबीची पोरं डोक्याला हात लावून बसली होती. मैदानावर हजारो डोळे होते आणि एकही या खुंटीकडे बघत नव्हता. वाकून ती उपटायची, खिशात टाकायची, झालं. एरवी तर तेच करायचा तो.

त्याला वर्लिनचा खांद्यावरचा हात आठवला. मग तळघराचा जिना आठवला. उभ्या पायांवर संपवायचं होतं ना, मग हे असं संपवायचं होतं का, असं त्यानं स्वतःलाच विचारलं, आणि उत्तराला उशीर लागेल या भीतीनं तो चालायलाच लागला. लंगडत, मैदानात, जिथे त्याला पाऊल टाकायची परवानगी नव्हती.

"प्रुइट," तो म्हणाला. "चिमटा पुढच्या कडेला लागलाय. चूक माझी."

प्रुइटनं त्याच्याकडे पाहिलं. आजूबाजूच्या गोंगाटात त्याला वाटलं असावं, आपण नीट ऐकलं नाही. "खात्री आहे तुमची?"

"खुंटी तिथंच आहे. मी हात लावलेला नाही. येऊन बघा."

प्रुइट आला, त्यानं बघितलं, आणि तो मुख्य पंचाकडे परत गेला. दोन पंचांची कुजबुज झाली. साखळी पुन्हा ताणली, चिमटा या वेळी पट्ट्याच्या पुढच्या कडेवर, सीमारेषेवर होता तसाच. पुढची काठी चेंडूच्या पुढे गेली. पंचानं हात वेदरबीच्या दिशेला केला. ध्वनिक्षेपकावरून मोजणीत दुरुस्ती झाल्याचं कुणीतरी सांगितलं, पण सांगायची गरज नव्हती. नारिंगी जाकिटातला म्हातारा लंगडत आत जाताना आणि बाहेर येताना अख्ख्या गावानं पाहिला होता.

उरलेला वेळ वेदरबीनं चेंडू धरून नुसता घालवला. मॅच संपली.

एल्डननं साखळी नेहमीसारखी गोळा केली, कडी कडीत न अडकेल अशी. मागे वेदरबीची पोरं नाचत होती. त्यांचा कोच, ज्यानं आजवर याला नावं ठेवायची एक संधी सोडली नव्हती, टोपीला हात लावून पुढे गेला. एल्डननं दुसरीकडे पाहिलं. त्यांची शाबासकी त्याला नको होती. तो मिलबर्नचा माणूस होता, आणि मिलबर्न हरलं होतं. ब्रॉडी अजून मैदानात गुडघ्यांवर बसून होता. एल्डनला त्याच्याजवळ जावंसं वाटलं, पण काय बोलणार. जाकिटाची घडी करून त्यानं मिस रँडलच्या हातात दिली. तिनं ती छातीशी धरली आणि एवढंच विचारलं, की गुडघा कसा आहे.

"टिकला," तो म्हणाला.

पटांगणात गाडीकडे जाताना बोलणारी तोंडं गप्प होत गेली. मागून कुणीतरी मुद्दाम ऐकू जाईल असं म्हणालं, "चार बोटांपायी घालवला चषक." लिबी गर्रकन वळली. तिच्या हातात चिलीचं रिकामं पातेलं होतं. त्या माणसाला तिनं नखशिखांत न्याहाळलं आणि विचारलं, की सकाळी दोनदा वाढून घेतलं तेव्हा तुला जागेवरून उठायचेसुद्धा कष्ट होत होते, तू स्वतः मैदानात काय धावून दाखवलंस? मग तिनं गाडी काढली. घराजवळ आल्यावर म्हणाली, "तू ओरडलास तेव्हा मी पाहिलं. लग्नात तू एवढा खूश नव्हतास." एल्डनला हसू आलं आणि मग डोळ्यांत पाणी आलं. तिनं गाडी फाटकाशी थांबवून ठेवली, त्याचं आवरेपर्यंत.

सोमवारी सकाळी तो बूट घालायला लागला तेव्हा लिबी म्हणाली, "आजच्या दिवस राहू दे की."

"सोमवार आहे," एल्डन म्हणाला.

तो डेलोरिसच्या हॉटेलात शिरला तेव्हा कुणीतरी कॉफी ढवळत होतं. एल्डन आपल्या खुर्चीत बसला. डॉक्टर हाल्व्हर्सननी थंडी लवकर पडल्याचं काढलं. नॉर्बर्टनं कोलाचीची बशी त्याच्याकडे सरकवली. वर्लिन खिडकीबाहेर बघत होता.

"तुला कुणी विचारलं होतं का?" न वळता तो म्हणाला.

"नाही."

"पंचानं? वेदरबीवाल्यांनी? कुणीतरी?"

"कुणीच नाही."

"मग?"

"खुंटी दिसत होती रे, वर्लिन."

वर्लिन वळला. त्याचे डोळे लाल होते. "जाकीट घालून ओरडायचं नव्हतंस, ते ओरडलास. आणि गप्प बसायचं होतंस, तिथं बोललास. दोन्हीतलं एक तरी टाळायचंस, लेका."

 पहिलं खरं होतं, आणि ते त्याला रात्रभर टोचत होतं. वर्लिन उठला, आपला मग घेऊन काउंटरच्या उंच स्टुलावर जाऊन बसला, टेबलाकडे पाठ करून.

ती पाठ हिवाळाभर आणि पुढेही तशीच राहिली. गावात एल्डनचं नाव निघालं की लोक चार बोटं दाखवत. पेट्रोल पंपावरच्या माणसानंही एकदा दाखवली, वर पैसे घेताना हसला. एल्डननं ऐकून घेतलं, पाहून घेतलं, आणि एकही सोमवार चुकवला नाही. बर्फ कमरेएवढं साचलं तेव्हा नॉर्बर्टच्या ट्रॅक्टरवर बसून आला. वर्लिनची खुर्ची रिकामी असे. डेलोरिस ती उचलून दुसऱ्या टेबलाला लावायला गेली की एल्डन म्हणे, "असू दे, माणूस आहे त्या खुर्चीला." काउंटरवरची पाठ ते ऐकत असे आणि हलत नसे.

त्याच हिवाळ्यात डेलोरिसनं एल्डनला हळूच एक गोष्ट सांगितली. आजोबा आणि नातू तिच्याकडे जेवायला आले होते. ब्रॉडी म्हणाला, की आपण कमी पडलो हे मला पडल्या पडल्याच कळलं होतं, आजोबा. पहिली मोजणी झाली तेव्हा मलाच आश्चर्य वाटलं. वर्लिननं त्याला जेव म्हणून सांगितलं. पण स्वतः काही जेवला नाही, पानावरचं तसंच ठेवून उठला.

ऑगस्टच्या एका सोमवारी वर्लिन मग घेऊन स्टुलावरून उतरला. टेबलाशी आला, आपली खुर्ची मागे ओढली, बसला. सगळे आपापल्या कॉफीत बघायला लागले.

"पहिलीच मॅच परगावी ठेवलीय," तो टेबलाला उद्देशून म्हणाला. "काय डोकी आहेत एकेकाची."

"आणि दुसरी भर दुपारच्या उन्हात," एल्डन म्हणाला. "पोरांना भाजून खायचा विचार दिसतोय."

डेलोरिस भांडं घेऊन आली आणि कुणी न मागता सगळ्यांचे मग भरून गेली.

सप्टेंबरात घरच्या मैदानावरची पहिली मॅच लागली, तेव्हा एल्डन आयुष्यात पहिल्यांदा तिकीट काढून आत गेला. लिबीच्या एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला वर्लिन, अर्थातच उभा. एल्डनला हात कुठे ठेवावेत तेच कळेना. सगळं उलटं दिसत होतं. आपला बँड जवळ, पाहुणे लांब, आणि त्यांच्यापुढे नारिंगी जाकिटं. तिथे आता साखळीला चिमटा लावणारा एक तरुण गडी होता, धान्याच्या गोदामातला.

ब्रॉडी घुसला की स्टँड उठे, ओरडे, पाय आपटे. एल्डन मांडीवर हात ठेवून बसलेला.

"ओरड की आता," लिबी त्याच्या कानाशी म्हणाली. "आता कोण अडवतंय?"

"ओरडतो," तो म्हणाला, पण ओरडला नाही.

तिसऱ्या सत्रात ब्रॉडी पुन्हा ढिगाखाली गेला आणि पंचानं मोजणीची खूण केली. साखळी आत आली, ताणली गेली. चेंडू कमी पडला, बोटभर. स्टँड खवळला. आंधळे आहात का, पुन्हा मोजा, चोर आहेत सगळे, असा एकच गिल्ला झाला. वर्लिनचा हात टोपीकडे गेला होता, तोंड उघडलं होतं. तो तसाच थांबला आणि लिबीच्या डोक्यावरून वाकून त्यानं विचारलं, "एल्डन, चिमटा?"

"मागच्या कडेला," एल्डन म्हणाला. "गुडघा टेकून, बोटानं कड चाचपून लावला पोरानं. तेव्हापासून नजर तिथंच आहे माझी."

म्हणजे ब्रॉडीची ती आख्खी धाव, ज्यासाठी सगळं गाव उठून उभं राहिलं होतं, एल्डननं पाहिलीच नव्हती. लिबीला ते कळलं. तिनं घोंगडीचं टोक त्याच्या गुडघ्यांवर ओढलं.

वर्लिननं क्षणभर पलीकडच्या जाकिटांकडे पाहिलं. मग भोवती सगळा स्टँड उभा राहून ओरडत असताना तो हळूच खाली बसला.